अठ्ठाविसावा दिवस

‘उद्या माझे क्यूब फोडशील तेव्हा मी मागे उभा नसणार,’ इरफान म्हणाला. त्याचा हात कोपरापर्यंत पाण्याच्या टाकीत होता. ‘अब्बांच्या डोळ्याचं ऑपरेशन आहे मिरजेला. मोतीबिंदू. तासाभराचं काम, पण मी बाहेर बसलेला दिसलो नाही तर ते टेबलावरून उठून घरी जातील.’

‘मग परवा फोडू की. तू आल्यावर.’

‘परवा एकोणतिसावा दिवस.’

काँक्रीटच्या प्रयोगशाळेत लग्नाचा मुहूर्त टळला तरी चालेल, पण अठ्ठाविसावा दिवस टळत नाही. लोखंडी साच्यात काँक्रीट भरायचं, दुसऱ्या दिवशी साचा सोडून तो चौकोनी ठोकळा, म्हणजे क्यूब, पाण्यात ठेवायचा आणि बरोबर अठ्ठाविसाव्या दिवशी बाहेर काढून यंत्रात दाबून फोडायचा. किती भार सोसला ते लिहायचं. एम.टेक.च्या दोन वर्षांत आम्ही दुसरं फारसं काही केलं नाही.

त्या वर्षी विद्यापीठाने आमच्या विभागाला संशोधनाची एकच जागा दिली होती. तीन वर्षं सबनीस सरांच्या हाताखाली काम, सोबत पीएच.डी.ची नोंदणी, पुढे बहुतेक तिथेच नोकरी. अर्ज दोघांचे होते, माझा आणि इरफान मुजावरचा. समिती दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता बसणार होती आणि सरांनी स्वच्छ सांगितलं होतं, ‘मार्क सारखेच आहेत तुमचे. मी क्यूब बघणार.’

माझं काम लोखंडाच्या भट्टीतून निघणाऱ्या स्लॅगवर होतं. इरफानचं साखर कारखान्यातल्या राखेवर. रस काढून उरलेली उसाची चिपाडं, म्हणजे बगॅस, बॉयलरमध्ये जाळतात, त्यांची राख. आमच्या भागात तिचे डोंगर पडलेले असतात आणि वारा सुटला की वाळत घातलेली धुणी काळी होतात. ही राख बारीक चाळून सिमेंटमध्ये थोडी मिसळली तर सिमेंट कमी लागेल आणि काँक्रीट तेवढंच पक्कं होईल, असं इरफानचं म्हणणं होतं. तेव्हा आमच्याकडे हे कुणी केलेलं नव्हतं. मला मनातून ठाऊक होतं की त्याचा विषय माझ्यापेक्षा चांगला आहे. माझ्या विषयावरची दहा पुस्तकं लायब्ररीत होती, मी अकरावं काम करत होते.

सबनीस सरांचा एक नियम होता. ज्याचे क्यूब त्याने ते फोडायचे नाहीत. स्वतःच्या पोराचे पेपर कुणी तपासतं का, असं ते म्हणायचे. जोडीदाराने फोडायचे, काटा वाचायचा, आकडा लिहून खाली सही करायची. मालकाने मागे हाताची घडी घालून गप्प उभं राहायचं. जोडीदाराने लिहिलं ते लिहिलं, त्यावर वाद नाही.

माझे क्यूब इरफानने तीन दिवसांपूर्वीच फोडले होते. ते फोडणं बघायला हवं होतं कुणी. तो मिरजेच्या गवंड्याचा मुलगा. दगड असो की काँक्रीट, हातात घेतलं की आधी त्यावरून अंगठा फिरवणार. क्यूब भरताना पाच बाजू साच्याला टेकलेल्या असतात, म्हणून त्या सपाट निघतात. सहावी, वरची, उघडी असते. तिच्यावरून नुसती थापी फिरवतात. काँक्रीटमधलं पाणी वर चढून तिथे साचतं आणि ती बाजू कच्ची राहते. म्हणून फोडताना क्यूब आडवा करायचा, थापीची बाजू यंत्राच्या तव्याखाली येऊ द्यायची नाही. ओळख पटावी म्हणून आम्ही त्याच बाजूवर लाल मेणखडूने नाव आणि नंबर लिहायचो. नंबर आपल्याकडे तोंड करून दिसला की क्यूब बरोबर बसला, हे पहिल्या वर्षाच्या पोरांनाही पाठ असतं. इरफानने माझा प्रत्येक क्यूब आडवा केला, कडेची वाळू फडक्याने पुसली, एकदा तर यंत्र चालू करून पुन्हा बंद केलं, कारण क्यूब केसभर बाजूला सरकला होता.

‘बत्तीस,’ शेवटी आकडेमोड करून तो म्हणाला. तीसच्या वर गेलं की सर मान डोलवायचे. ‘चांगले आलेत गं. कडक.’

जागा एकच आहे हे त्यालाही माहीत होतं. तरी त्याचं तोंड खरोखर आनंदलेलं होतं आणि मला त्याचा राग आला होता. त्याचं इतकं चांगलं वागणं मला जड जात होतं.

तर इरफान मिरजेला गेला त्या दिवशी सकाळी प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांपैकी मी एकटीच होते. प्रयोगशाळेचे सहायक खोतमामा टाकीतून क्यूब काढून फळीवर मांडून देत होते. एकेक क्यूब आठ किलोचा. मामा दरवेळी म्हणायचे, ‘ताई, ऱ्हावू द्या, मी उचलतो,’ आणि मी दरवेळी स्वतः उचलायची. या विभागात एम.टेक.ला आलेली मी पहिली मुलगी. मुलींनी आपलं कागदावर डिझाइन करावं, असं दोन प्राध्यापक तोंडावर म्हणाले होते. त्यामुळे क्यूब उचलणं हा माझा हट्ट होता. घरून जयसिंगपूरहून वडिलांचं पत्र आलेलं होतं. जागा मिळाली तर पुढचं बोलू, नाही मिळाली तर सामान बांधून ये, शिरोळचे पाहुणे दोनदा विचारून गेले. वडिलांचं अक्षर सुरेख होतं. त्या सुरेख अक्षरातलं ते वाक्य सकाळपासून माझ्या डोक्यात फिरत होतं.

‘पोराचा हात बगा,’ खोतमामा एका क्यूबवरून तळवा फिरवत म्हणाले. ‘बापाचाच हात हाय. आरसा केलाय नुसता.’

खरंच होतं. इरफानने वरची बाजू इतकी घोटली होती की साच्याची बाजू कुठली आणि थापीची कुठली हे हाताला कळत नव्हतं. मामा चहाला गेले. मी पहिला क्यूब उचलला आणि फळीवर होता तसाच यंत्रात ठेवला. मग दुसरा. मग तिसरा. मनात चार वाजताची समिती होती, आपण काय बोलायचं, सर काय विचारतील, शिरोळचे पाहुणे. काटा चढायचा, थरथरायचा, खाली पडायचा. मी आकडा लिहून तुकडे घमेल्यात ओढायची आणि पुढचा घ्यायची. दहा टक्के राखेचे तीन, पंधरा टक्क्यांचे तीन, वीस टक्क्यांचे तीन. आकडे कमी येत होते. सव्वीस, पंचवीस, तेवीस. मला बरं वाटत होतं. आज खोटं कशाला सांगू, प्रत्येक पडत्या काट्याबरोबर मला बरं वाटत होतं.

नऊही झाल्यावर ब्रशने धूळ झाडायला मी यंत्रात वाकले. वरच्या पोलादी तव्याच्या पोटाला लाल अक्षरं उमटली होती. एकावर एक, उलटी, पण वाचता येत होती. इ. मु. १०. इ. मु. १५. इ. मु. २०.

नऊच्या नऊ मी नंबर वर ठेवून फोडले होते. कच्ची बाजू तव्याखाली.

किती वेळ तशीच वाकून राहिले कुणास ठाऊक. पहिला विचार आला तो असा की हे आत्ताच्या आत्ता सरांना सांगायचं. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही, खरंच तोच पहिला आला. दुसरा विचार आला की सांगितलं तर काय होईल? क्यूब तर फुटले. नवे टाकायचे तर आणखी अठ्ठावीस दिवस. सर समिती पुढे ढकलतील. महिन्याने इरफानचे आकडे येतील, बहुतेक माझ्याहून चांगले, आणि वर साऱ्या विभागात होईल की बघा, बाई क्यूब फोडायला गेली आणि नऊच्या नऊ उलटे फोडून आली. ते दोन प्राध्यापक मला दिसायला लागले. हसतसुद्धा नव्हते, नुसती मान हलवत होते.

कोपऱ्यात रॉकेलचा डबा असायचा, साचे पुसायला. मी फडकं भिजवलं आणि तवा पुसला. मेणखडू लवकर निघत नाही. नखाने खरवडावा लागला.

‘ताई, पुसाया मी न्हाई का?’ खोतमामा दारात उभे होते. आत येऊन त्यांनी वहीकडे पाहिलं. त्यांना आकडे वाचता येत होते, तीस वर्षं वाचतच आले होते. ‘एवढं कमी? ह्या पोराचं?’

‘राखच तशी असेल, मामा.’

मामांनी घमेल्यातला एक तुकडा उचलून बोटाने दाबून पाहिला. ‘असंल,’ ते म्हणाले आणि घमेलं उचलून बाहेर गेले.

साडेतीनला सबनीस सरांनी मला खोलीत बोलावलं. पुढे इरफानचा तक्ता होता, खाली माझी सही. सरांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

‘वैजयंती, हे बरोबर आहे?’

‘हो सर.’

‘मला वाटलं होतं, पंधराला तरी चांगले येतील. पोरगं इतकी मेहनत घेत होतं.’ ते थोडे अवघडले. ‘एम.टेक.च्या मुलीला हे विचारणं बरं नव्हे, पण विचारतो. क्यूब आडवे केले होतेस ना?’

नंतर मी पुष्कळदा मनाला बजावलं की चूक कुणाकडूनही होते. तवा पुसला तोही घाबरून पुसला, असं म्हणता येईल. पण हा प्रश्न सरळ होता आणि विचारणारा माझ्यावर विश्वास ठेवायला तयार बसला होता.

‘हो सर,’ मी म्हणाले. ‘सगळे.’

पावणेपाचला जागा मला मिळाली. ते दोन प्राध्यापकही अभिनंदन करून गेले. मी वडिलांना तार केली.

दुसऱ्या दिवशी इरफान आला. डोळ्यांवर जागरण दिसत होतं. मी टाकीपाशी होते. त्याने खिशातून कागदात बांधलेले बत्तासे काढले.

‘घे. अब्बांची पट्टी उद्या सुटेल. डॉक्टर म्हणाले, झकास झालंय.’ मग म्हणाला, ‘सरांनी सांगितलं मला. अभिनंदन गं.’

‘इरफान, तक्ता…’

‘बघितला.’ तो टाकीच्या काठावर बसला. ‘सव्वीस, पंचवीस, तेवीस. राख वाढेल तसं खालीच चाललंय. मला वाटलेलं वर जाईल.’

‘परत टाकून बघ ना. एखादे वेळी…’ माझा आवाज मलाच परका वाटला. ‘मिसळताना काही झालं असेल.’

‘थिसिस द्यायला तीन आठवडे राहिलेत. अठ्ठावीस दिवस कुठून आणू?’ तो हसला. ‘आणि परत कशाला? दुसऱ्या कुणी फोडले असते तर शंका घेतली असती. तू फोडलेस ना, मग बरोबरच असणार.’

तेव्हा सांगता आलं असतं. प्रयोगशाळेत आम्ही दोघंच होतो आणि त्याच्या बोटांना बत्ताशाची साखर लागलेली होती. मी म्हटलं, ‘बत्तासे छान आहेत.’

इरफानने थिसिसच्या शेवटच्या पानावर एक वाक्य लिहिलं. या भागातील बगॅसच्या राखेमुळे काँक्रीटची ताकद घटते, सबब बांधकामात तिचा वापर करू नये. माणूस प्रामाणिक होता. आपल्या कामाविरुद्ध गेलेलं वाक्यही त्याने गुळमुळीत लिहिलं नाही. जूनमध्ये तो मिरजेला गेला आणि वडिलांबरोबर घरं बांधायला लागला. पुढे त्याची स्वतःची फर्म झाली असं ऐकलं. एकदोनदा लग्नकार्यात दिसला. मी दुसऱ्या दाराने बाहेर पडले.

मी मात्र तिथेच राहिले. पीएच.डी. झाली, नोकरी झाली, सबनीस सर निवृत्त झाले, मग वारले. शिरोळचे नाही, पण दुसरे पाहुणे आले आणि लग्नही झालं. बावीस वर्षं मी मुलांना पहिल्या तासाला शिकवत आले की क्यूब आडवा करा. हे सांगताना माझा आवाज चढतो, असं मुलं म्हणतात.

मग एका वर्षी मुग्धा खवरे नावाची मुलगी एम.टेक.चा विषय घेऊन माझ्या खोलीत आली.

‘मॅडम, मला बगॅसच्या राखेवर करायचं होतं. पण ते होणार नाही.’

‘का?’

‘आपल्याच विभागात सिद्ध झालंय, चालत नाही म्हणून. मुजावर यांचा थिसिस आहे. नंतर चार जणांनी त्याचा आधार घेतलाय. सगळ्यांनी तेच लिहिलंय.’ तिने वही उघडून वाक्य वाचून दाखवलं. शब्दन् शब्द तेच.

इतकी वर्षं मला वाटत होतं, मी एका माणसाची जागा घेतली. त्या दिवशी कळलं की ते वाक्य लायब्ररीत बसून दरवर्षी कुणा ना कुणाला माघारी पाठवत होतं. चार जणांनी त्यावर विश्वास ठेवला होता, कारण खाली आमच्या विभागाचं नाव होतं.

‘हाच विषय घे,’ मी म्हणाले. ‘आणि सुरुवात मुजावरच्याच प्रमाणाने कर. तंतोतंत.’

राख त्याच कारखान्याची आणली. मुग्धाने नऊ क्यूब टाकले. अठ्ठावीस दिवस मी रोज एकदा टाकीपाशी जाऊन यायची. सबनीस सरांचा नियम मी चालू ठेवला होता, त्यामुळे फोडायला मुग्धाचा जोडीदार होता. त्याने प्रत्येक क्यूब आडवा केला. मी हाताची घडी घालून मागे उभी राहिले. दहा टक्क्यांना बत्तीस. पंधराला चौतीस. वीसला एकतीस.

मुग्धा टाळ्या पिटत होती. मी खोलीत आले, दार लावलं आणि इरफानचा नंबर फिरवला. नंबर माझ्याकडे कित्येक वर्षं होता.

‘कोण? वैजयंती?’ मागे काँक्रीटच्या मिक्सरची घरघर ऐकू येत होती. ‘अरे वा! थांब, जरा बाजूला येतो.’

मी सगळं सांगितलं. कुठलंही कारण जोडलं नाही. नंबर वर ठेवून फोडले, तवा पुसला, सरांशी खोटं बोलले, तुझ्याशी खोटं बोलले. आता परत टाकून बघितलं तेव्हा काय आकडे आले तेही सांगितलं. सांगताना रडायचं नाही असं ठरवलं होतं. तेवढं मात्र जमलं.

आता तो शिव्या देईल असं वाटत होतं, आणि द्याव्यात असंही वाटत होतं.

‘म्हणजे राख चांगली होती?’ त्याने विचारलं.

‘चांगली होती.’

‘पंधराला किती म्हणालीस?’

‘चौतीस.’

‘चौतीस.’ मग बोलला तो माझ्याशी बोलल्यासारखा नव्हता. ‘अब्बा ऐकायचेच नाहीत बघ. म्हणायचे, इरफान, हाताला कळतंय मला, ही राख धरते. माझ्या साइटवर कोब्यात चोरून घमेलंभर टाकायचे. मी ओरडायचो. गड्यांसमोर ओरडायचो. म्हणायचो, लॅबमध्ये नापास झालीय ती, माझ्याकडे सहीचा कागद आहे, तुम्हाला काय कळतंय यातलं.’

‘इरफान, मी…’

‘जागेचं सोड गं,’ तो म्हणाला. ‘माझं काही वाईट झालं नाही. पण एकदा त्यांनी अख्ख्या स्लॅबमध्ये राख घातली. मी दुसऱ्या दिवशी स्लॅब फोडून टाकला. आणि त्यांचं साइटवर येणं बंद केलं. चार वर्षं घरीच बसून होते. घरीच गेले.’